नळाच्या नटाला मानाचा फेरा

एका जंगलात एक नळ होता.

हसू नका, बाळांनो. जंगलात राजा असतो, प्रधान असतो, दरबार भरतो, हे तुम्ही आजवर मान डोलवत ऐकलंत. मग नळापाशीच का अडता?

तर, टेकडीच्या पायथ्याशी एक दगडी टाकी होती. पावसाळ्यात ती काठोकाठ भरायची आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत सगळ्या जंगलाला पुरायची. टाकीच्या भिंतीतून, तळापासून वीतभर उंचीवर, एक आखूड नळी बाहेर आली होती. त्या नळीला एका मोठ्या पितळी नटाने नळ जोडलेला होता. प्राणी यायचे, नळ सोडायचे, पाणी प्यायचे आणि नळ बंद करून जायचे. माकडंसुद्धा बंद करून जायची. यावरून ही गोष्ट किती जुनी आहे ते ओळखा.

टाकीत बयो नावाची एक मासोळी राहत होती. हातभर लांब, अंगाने भरलेली, स्वभावाने सरळ. बाकीच्यांना टाकी म्हणजे पाणी. बयोला टाकी म्हणजे घर.

नळ बसवला त्या दिवशी एक गंमत झाली होती. उद्घाटन झालं आणि नटाच्या बाजूने पाण्याचा एक थेंब पडला. त्या वेळचे अध्यक्ष एक हत्ती होते. त्यांनी पाना मागवला आणि नटाला उजवीकडे एक फेरा दिला. थेंब थांबला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या वाजल्या नसत्या तर ही गोष्ट इथेच संपली असती.

पण टाळ्या वाजल्या, आणि दुसऱ्या वर्षी त्याच दिवशी नव्या अध्यक्षांनी नटाला एक फेरा दिला. थेंब पडत नव्हता, पण मान होता. मग राजाच्या वाढदिवसाला एक फेरा सुरू झाला. पाहुणा परगावचा आला की एक फेरा. प्रदक्षिणेसारखा, नेहमी उजवीकडे. फेरा देणाऱ्याचं नाव टाकीच्या भिंतीवर कोरायचे. याला मानाचा फेरा म्हणत, आणि तो नीट पार पडावा म्हणून एक नळ समिती नेमलेली होती.

पहिले तीन फेरे खरेखुरे होते. त्यानंतर नट फिरेना. पाहुणा दात आवळून जोर लावायचा, पाना केसभर सरकायचा, आणि नोंद पूर्ण फेऱ्याची व्हायची. असे एकेचाळीस फेरे झाले.

बेचाळिसावा व्हायच्या आधीच नळ गळू लागला.

आधी थेंब थेंब. मग सुतळीएवढी धार, रात्रंदिवस. टाकीच्या भिंतीला दगडांचे अकरा थर होते. दरवर्षी फाल्गुनात पाणी सातव्या थरापर्यंत असायचं. या वर्षी ते चौथ्या थरावर होतं. बयोने हिशेब केला. नऊ दिवसांत एक थर उतरतो. म्हणजे चैत्रात पाणी नळीच्या तोंडाशी येणार. मग खाली उरणार वीतभर, आणि वीतभर पाणी उन्हात तापलं की त्यात मासोळी राहत नाही, शिजते.

तिने काठाशी येऊन समितीला हाक मारली. समिती आली.

समितीचे अध्यक्ष एक रानगवा होते. खांद्याने रुंद, मनाने चांगले, आणि कुठल्याही अडचणीला खांदा लावला की ती सरकते अशी त्यांची समजूत होती. चिटणीस एक साळिंदर होते. अंगभर लेखण्या असल्यामुळे त्यांना ते पद आपोआप मिळालं होतं.

"गळतंय खरं," गवे म्हणाले. "म्हणजे आवळायला आपण कमी पडलो."

"आणखी एक फेरा घ्यावा लागेल," साळिंदर म्हणाले. "पण त्याला सण लागतो. पुढचा सण पंधरवड्याने आहे."

"पंधरवड्यात दीड थर जाईल," बयो पाण्यातून म्हणाली.

"बाई, आम्ही येऊन पाहून गेलो हे थोडं आहे का?" साळिंदर म्हणाले, आणि समिती गेली.

त्या जंगलात एक खवले मांजर होतं. त्याला सगळे खवल्या म्हणत. कोणी शिकवलेलं नसताना त्याने बऱ्याच गोष्टी दुरुस्त करायला शिकून घेतल्या होत्या. तो कमी बोलायचा, काम हळू करायचा आणि वस्तू उघडण्याआधी तिच्याकडे बराच वेळ बघत बसायचा. या सवयीमुळे तो आळशी आहे असं जंगलाचं मत होतं.

बयोने त्याला बोलावलं. तो एक झोळी घेऊन आला आणि सकाळभर नटाकडे बघत बसला.

"काय दिसतंय, भाऊ?" बयोने विचारलं.

"नट सैल नाही, बयोबाई. फार आवळलाय. आतलं चामड्याचं वायसर चेपून पापड झालंय आणि नळाची मान चिरलीय. जितकं आवळतील तितकं जास्त गळेल."

"मग?"

"नट सोडायचा, नळ काढायचा, नवा बसवायचा."

"नवा नळ आणायचा कुठून?"

"समितीच्या गुहेत आहे. तीन वर्षांपूर्वी हौसेने आणलाय. जुना निघेना म्हणून पाटावर ठेवून त्याची पूजा करतात."

खवल्याने झोळीतून एक पाना काढला आणि नटावर बसवून पाहिला. तो दोन नंबर मोठा निघाला. नट जागेवर आणि पाना त्याच्याभोवती गरागरा फिरला.

"हा नुसताच फिरतो," तो म्हणाला आणि तो पाना झोळीत परत टाकला.

बेताचा पाना एकच होता, आणि तो समितीच्या ताब्यात होता. खवल्या तो मागायला गेला, तर साळिंदर पान्यासकट स्वतः आले. मानाची वस्तू कोणाच्या हाती एकटी सोडायची नाही, असा नियम होता.

खवल्याने पाना नटावर बसवला आणि डावीकडे जोर लावला. साळिंदरांचे सगळे काटे उभे राहिले.

"अरे, हे काय करतोस?"

"सोडतोय."

"उलटा फेरा? एकेचाळिसावा फेरा कोणाचा आहे ठाऊक आहे का? खुद्द अध्यक्षांचा. तो तू परत घेणार? आणि चाळिसावा राजाच्या मेव्हण्यांचा."

"नट सुटायचा तर डावीकडेच सुटतो, चिटणीससाहेब."

"असेल. पण माझ्या नोंदवहीत उलटा फेरा कशातच बसत नाही."

तसाही नट तसूभर हलला नव्हता. एकेचाळीस मानांनी तो जागेवर चिकटला होता आणि वर हिरवट-पांढरा थर चढला होता. खवल्या खाली बसला. पुन्हा बघू लागला.

"बरं, नुसतं तेल घालू का?" थोड्या वेळाने त्याने विचारलं.

साळिंदर विचारात पडले. ते मनाने वाईट नव्हते, बाळांनो. त्यांना फक्त प्रत्येक गोष्टीसाठी एक रकाना लागायचा.

"तेल दुरुस्तीत धरलं तर मंजुरी लागेल," ते म्हणाले. "अभ्यंगात धरतो. अभ्यंगाला मंजुरी लागत नाही."

तेव्हापासून नटाचं अभ्यंग सुरू झालं. खवल्या सकाळ-संध्याकाळ करंजाचं तेल नटाच्या कडेने थेंब थेंब सोडायचा. ते आत झिरपायला वेळ लागतो, म्हणून तो बाजूला बसून राहायचा. येणारे-जाणारे म्हणायचे, बसलाय बघा.

तेल आत पोचायला आधी तो हिरवट थर जायला हवा होता. त्यासाठी त्याने चिंचेचा कोळ लावला. साळिंदरांनी तो नैवेद्यात धरला. मग गुळगुळीत गोट्याने नटाच्या प्रत्येक कडेवर हलके ठोके. जोरात नाही. जोरात मारलं तर कडा मोडतात आणि मग पाना धरत नाही. ठोक्यांनी आतला थर सुटतो आणि तेलाला वाट मिळते. चार दिवस टुकटुक ऐकून साळिंदरांनी वाद्य असं लिहिलं. शेवटी खवल्याने तापलेले दगड फडक्यात बांधून नटाला शेक दिला, तेव्हा त्यांनी विचारलंसुद्धा नाही. आरती असं लिहून ते हात जोडून उभे राहिले.

या सगळ्यात नऊ दिवस गेले. एक थर उतरला.

"भाऊ, तिसरा थर लागला," बयो म्हणाली. "घाई करा असं म्हणत नाही. पण तिसरा लागला."

"नट तयार आहे, बयोबाई. आता एकदाच डावीकडे जोर लागला की सुटेल. पण तो लावू देत नाहीत."

खवल्या टाकीला वळसा घालून चालू लागला. एकदा पुढून बघितलं. एकदा मागून बघितलं. मग साळिंदरांकडे जाऊन त्याने विचारलं, "सणाच्या दिवशी मंडप टाकीच्या पुढेच घालायचा असा नियम आहे का?"

साळिंदरांनी वही चाळली. "नाही. पुढे घालतात इतकंच."

"पुढे चिखल झालाय. अध्यक्षांचे पाय भरतील. मागे घालू या."

"मागून नट कसा दिसणार? मध्ये टाकी आहे."

"पान्याला लांब बांबू जोडतो. त्याचं टोक टाकीच्या वर येईल. अध्यक्ष मागे उभे राहून वेलीच्या दोराने ते ओढतील. लांब बांबूने जोरही जास्त लागतो."

"ओढायचं कुठे?"

"उजवीकडे," खवल्या म्हणाला. "त्यांच्या उजवीकडे."

हे तुम्हाला कळलं नसेल, तर असं करा. खिडकीच्या काचेवर आतून बोट टेकवा आणि ते उजवीकडे न्या. बाहेर उभ्या असलेल्या बहिणीला विचारा, बोट कुठे गेलं. ती डावीकडे म्हणेल. तुमचं भांडण होईल आणि दोघंही खरं बोलत असाल.

साळिंदरांच्या ते लगेच लक्षात आलं. त्यांनी वही पुढे ओढली. मग त्यांनी पाठीतली एक लेखणी काढली आणि लिहिलं : फेरा उजवीकडे, मंडप मागे.

आता उरलं पाणी. जुना नळ निघाला की नवा लागेपर्यंत नळीतून सगळं पाणी वाहून जाणार. खवल्याने लाकडाचं एक बूच तासून आणलं होतं.

"आतून हे नळीच्या तोंडात बसवाल का, बयोबाई?"

"कशाने बसवू, भाऊ? मला हात कुठे आहेत?" बयोने बूच हुंगलं आणि सोडून दिलं. "मीच बसते. कमळाचं पान मध्ये घेऊन कूस लावते. किती वेळ धरायचं?"

"शंभर आकडे म्हणेपर्यंत."

"तेवढं धरेन."

सणाचा दिवस आला. मंडप टाकीच्या मागे पडला. सगळं जंगल मागे बसलं. पुढे फक्त खवल्या, पान्याला बांधलेला बांबू आणि नवा नळ. तो पूजेतून एका दिवसापुरता सोडवून आणलेला होता.

गव्यांनी दोर शिंगांना अडकवला आणि उजवीकडे ओढ घेतली. बांबू वाकला. पाना थरथरला. नटातून 'कर्र' असा आवाज आला, आणि एकेचाळीस फेऱ्यांनंतर नट प्रथमच सुटला. मागून उजवीकडे. पुढून डावीकडे.

टाळ्या वाजल्या. गवे भाषणाला उभे राहिले.

पुढे खवल्याने भिंतीवर गोट्याने तीन ठोके दिले. आत बयोने कूस नळीच्या तोंडाला लावली. पाण्याच्या दाबाने ती भिंतीला चिकटली. खवल्याने बांबू काढला, नट पंज्यांनी भराभर फिरवला आणि जुना नळ हातात घेतला. हे उलटे फेरे कोणी पाहिले नाहीत. म्हणून ते नोंदीत नाहीत.

"एक संकट होतं," मागे गवे सांगत होते. "आपण त्याला खांदा लावला."

खवल्याने नवं वायसर बसवलं, नवा नळ लावला आणि नट फिरवला. नट अर्ध्यावर अडला. त्याने वाकून पाहिलं. नटाच्या आत आणि नळाच्या मानेवर पीळ कोरलेले असतात, त्यांना आटे म्हणतात. तीन वर्षांच्या हळदकुंकवाने नव्या नळाचे आटे बुजून गेले होते.

त्याने नळ काढला आणि नखाने एकेक आटा कोरायला घेतला. घाई केली असती तर आटे वाकडे बसले असते. त्याने घाई केली नाही. पण त्याच्या कपाळावरचे खवले मात्र ताठ झाले होते.

"शंभर झाले, भाऊ," नळीतून बयोचा दबका आवाज आला.

"आटे बुजलेत. अजून साठ."

"म्हणा तुम्ही. मी ऐकते."

तो आकडे म्हणत गेला आणि कोरत गेला. मागे गव्यांचं भाषण रंगात आलं होतं. ते नळावरून जंगलाच्या इतिहासाकडे वळले होते. आजवर त्या भाषणांचा कोणाला उपयोग झाला नव्हता. त्या दिवशी झाला. ते बोलत होते तोवर कोणी उठून पुढे येणार नव्हतं.

एकोणसाठला नट बसला. खवल्याने तो हाताने फिरेल तेवढा फिरवला, मग पाना लावून पाव फेरा दिला आणि थांबला. पाव फेरा, बाळांनो. त्याहून जास्त लागत नाही.

"सोडा, बयोबाई."

बयोने शेपटी मारून अंग भिंतीपासून सोडवलं. तिचे तीन खवले नळीच्या तोंडाशीच राहिले. खवल्याने आपली लांब जीभ नटाभोवती फिरवली. नट कोरडा होता.

"फार लागलं का?" त्याने विचारलं.

"खवले पुन्हा येतात," बयो म्हणाली. "पाणी ज्येष्ठाशिवाय येत नाही."

भाषण संपलं. सगळे वळसा घालून पुढे आले. नळ गळत नव्हता.

"बघा," गवे म्हणाले. "एका फेऱ्यात."

साळिंदरांनी चिखलात पडलेला जुना नळ पाहिला. मग खवल्याकडे पाहिलं.

"हा कशात बसवू?" त्यांनी हळूच विचारलं.

"निर्माल्यात," खवल्या म्हणाला.

साळिंदरांनी तसं लिहिलं. गव्यांचं नाव भिंतीवर दुसऱ्यांदा कोरलं गेलं. इथे सगळे घरी गेले असते तर बरं झालं असतं. पण गवे, मी आधीच सांगितलं, मनाने चांगले होते.

"या खवल्यालाही काही मिळालं पाहिजे," ते म्हणाले. "त्याने तेल घातलं, वाद्य वाजवलं. त्रेचाळिसावा फेरा याच्या हातून होऊ दे. आत्ताच."

साळिंदरांनी बेताचा पाना पुढे केला. एक शाल आली, नारळ आला. सगळं जंगल बघू लागलं. टाकीत बयोने ते ऐकलं. नवं वायसर, पाव फेरा बेताने आवळलेलं, आणि आता त्यावर मान. आणि हा झाला की चव्वेचाळिसावा, पंचेचाळिसावा.

नाही म्हणायची सोय नव्हती. त्या जंगलात मान नाकारणं हा मागच्या सगळ्यांचा अपमान धरत.

खवल्या नळाकडे बराच वेळ बघत राहिला. लोकांना वाटलं, भारावला. मग त्याने झोळीत हात घातला.

"अध्यक्षसाहेब," तो म्हणाला, "आपल्या फेऱ्यानंतर त्याच पान्याला मी हात लावणं बरं नाही. माझ्याजवळ दुसरा आहे. जरा मोठा आहे."

त्याने दोन नंबर मोठा पाना काढला, नटाभोवती धरला आणि उजवीकडे फिरवला. पाना सबंध एक फेरा फिरून जागेवर आला. केसभर नव्हे. सबंध. नट जागच्या जागी होता.

सगळं जंगल पुढे सरकलं. पहिल्या तीन फेऱ्यांनंतर पूर्ण फेरा कोणी पाहिलाच नव्हता.

गव्यांचा चेहरा उतरला. "बघू इकडे," ते म्हणाले. त्यांनी पाना धरला आणि फिरवला. एक, दोन, पाच फेरे. त्यांना धापसुद्धा लागली नाही. त्यांचा ऊर भरून आला.

"मोठ्या पान्याची गोष्टच वेगळी," ते म्हणाले. "आजवर आपण माणूस मोठा आणि पाना लहान, असं करत होतो."

ते जंगलात माणूस का म्हणाले, हे कोणी विचारलं नाही.

त्याच बैठकीत ठराव झाला. मोठा पाना हाच यापुढे मानाचा पाना. त्याला लाल फीत बांधली आणि नव्या नळाच्या रिकाम्या पाटावर नेऊन ठेवला. जुना पाना मानाला लहान पडतो, म्हणून तो खवल्याला कायमचा देऊन टाकला.

तेव्हापासून त्या जंगलात फेरे चांगलेच वाढले. पूर्वी सणाला एक व्हायचा, आता पाहुणे आवडीने दहा-दहा देतात. नावं कोरायला टाकीच्या तिन्ही बाजू भरल्या आणि चौथी सुरू झाली. साळिंदर मन लावून नोंद करतात आणि लिहिताना नळाकडे बघत नाहीत.

बयो आत सातव्या थराच्या पाण्यात पडलेली असते. बाहेर पाना खणखणतो, टाळ्या वाजतात. आत साधी लहरही उठत नाही. तिच्या कुशीवर तीन नवे खवले आलेत, बाकीच्यांपेक्षा थोडे लहान.

तात्पर्य : मोठ्यांना कामापासून अडवू नये. त्यांच्या मानाला शोभेल एवढा मोठा पाना त्यांना द्यावा, आणि बेताचा पाना आपल्या झोळीत ठेवावा.